मशेरीची वेळ

हिरडीचं ऑपरेशन हे काही चारचौघांत सांगण्यासारखं दुखणं नाही. हृदयाचं झालं तर माणसं गंभीर होतात. पित्ताशयाचं झालं तर 'खडा केवढा निघाला' एवढं तरी विचारतात. हिरडीचं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग स्वतःच्या दाढेची कहाणी सुरू करतो. मलाही आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते. पण आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या हिरड्या माझ्यासारख्याच झाल्या आहेत आणि त्यांतल्या एखादीला कधी ना कधी त्या खुर्चीत बसावं लागणार आहे. तिच्यासाठी हे लिहिते आहे. दुखण्याबद्दल थोडंच लिहीन, कारण खरं सांगायचं तर दुखलं थोडंच. जे जास्त छळलं ते वेगळंच होतं.

तंबाखू खाता का?

आमचं घर निडी स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. मी घरीच ब्लाउज शिवते. यजमान नागोठण्याला कंपनीत शिफ्टला असतात. शेजारचं घर अक्काचं. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच असते. दोन घरं, दोन चुली, पण परसू एकच, आणि परसदाराची पायरीही एकच.

त्या पायरीवर आम्ही दोघी रोज सकाळी मशेरी लावायला बसायचो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून. आधी कोंबड्या सोडायच्या, मग डबी काढायची, चिमूटभर काळी पूड तळहातावर घ्यायची आणि पहिलं बोट हिरडीवर फिरवत बसायचं. तोंडात मशेरी असली की धड बोलता येत नाही, पण आमच्या आयुष्यातलं सगळं बोलणं त्याच वेळी झालं. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाची सून कशी, भाऊजींचं आजारपण, माझ्या मुलाचं पनवेलला जाणं. पिचकारी टाकायची आणि पुढचं वाक्य बोलायचं.

खालचा पुढचा एक दात लांब दिसायला लागला, तेव्हा मला वाटलं वयाने झाला असेल. गार पाणी लागलं की तिथून डोक्यापर्यंत कळ जायची. एकदा दोरा तोडायला दाताखाली धरला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. तेव्हा पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझं माहेर पेणचं, म्हणून त्या ओळखीच्या.

त्यांनी आरसा फिरवून बघितलं आणि विचारलं, "तंबाखू खाता का?"

मला राग आला. "नाही हो! आमच्या घरात कुणीच खात नाही."

"मग हे बोट असं कशानं झालं?"

माझ्या पहिल्या बोटाचं टोक काळपट होतं. ते कायमचंच तसं.

"ती होय, मशेरी," मी म्हटलं. "ती फक्त लावते."

"मशेरी कशाची करतात?"

तंबाखू मीच बाजारातून आणत होते, मीच अक्काबरोबर तव्यावर भाजत होते, आणि इतक्या वर्षांत ती तंबाखू आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तंबाखू खातात पुरुष. मशेरी लावतात बायका. आमच्याकडे हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि माझ्या शेजारणींपैकी कुणालाही विचारा, तीही शपथेवर तेच सांगेल.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हिरडी खाली सरकली आहे, मूळ उघडं पडलंय. टाळूचं थोडं मांस काढून तिथे लावायचं आणि टाके घालायचे. ते धरलं तर दात राहील. नाही धरलं तर हा जाईल, आणि शेजारचेही त्याच्या मागे लागलेत. हे मला चटकन कळलं. ब्लाउज फाटला की आम्हीही आतल्या शिवणीत राखलेलं कापड काढून वर ठिगळ लावतो. ते त्याच अंगाचं असतं म्हणून शोभतं.

"पण मशेरी बंद," त्या म्हणाल्या. "थोडी नाही, कधीतरी नाही. बंद. पुन्हा लागली तर हे सगळं फुकट."

घरी येऊन सांगितलं तर यजमान म्हणाले, "एका दातासाठी एवढं? काढून टाक." त्यांच्या स्वतःच्या तीन दाढा अशाच गेल्या आहेत आणि त्यांना काही वाटत नाही. आमचा त्या दिवशी चांगलाच वाद झाला. अक्काने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पायरीवर तिने डबी काढली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कनवटीला लावली.

"तू पेनला जा," ती म्हणाली. "भावाकडं ऱ्हा, बरं व्हईपरेंत. हितं ऱ्हायलीस तर मीच देईन तुला. माझा मला भरवसा नाय गो."

बर्फ आणि आंबील

ऑपरेशनच्या आधी मी जितकी घाबरले तितकं काही झालं नाही. टोचलं, मग बधिर झालं, मग शेजारच्या घरात कुणीतरी काम करत असावं तसं माझ्याच तोंडात काम चालू राहिलं. टाके घालताना दोरा ओढल्याचं कळत होतं. डॉक्टरीणबाईंचा हात साफ होता, हे शिवणकाम करणाऱ्या बाईने दिलेलं प्रशस्तिपत्र समजा.

दादाच्या घरी मला माडीवरची मागची खोली दिली. वाऱ्याची, शांत, खिडकीतून नारळ दिसणारी. उशांवर उशा रचून डोकं उंच ठेवायचं. फ्रीजमधल्या बर्फाचे खडे फडक्यात बांधून गालावर धरायचे. गरम नाही, तिखट नाही, कडक नाही. जोरात थुंकायचं नाही. ओठ ताणायचा नाही. पहिले काही दिवस बोलायचंही जवळजवळ नाहीच.

माझं बाळंतपणही कुणी केलं नसेल इतक्या निगुतीने वहिनीने हे केलं. गार केलेली नाचणीची आंबील, कुस्करलेला दहीभात, केळं, मऊ पेज. टाळूला जिथून मांस काढलं होतं तिथे पोळल्यासारखं व्हायचं, ते आंबिलीने निवायचं. यजमान शिफ्ट सुटली की मोटारसायकलवर यायचे, येताना वडखळच्या नाक्यावर आइस्क्रीम घ्यायचे. पेणला पोचेपर्यंत त्याचं दूध झालेलं असायचं. ते ओशाळायचे, पण मला तेच हवं असायचं, वितळलेलं. 'दात काढून टाक' म्हणणारा माणूस चमच्याने मला ते भरवत होता, आणि त्या वेळी त्याच्याबद्दलचा माझा राग गेला.

म्हणजे पाहा, काही कमी नव्हतं. आणि तरी सकाळी जाग आली की माझं पहिलं बोट आपोआप अंगठ्यावर घासायला लागायचं.

मशेरी सुटताना काय होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. डोकं भणभणतं. पोट साफ होत नाही. कुणी प्रेमाने काही विचारलं तरी त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. त्यात खालच्या ओटीवर वहिनी आणि शेजारणी पोह्यांचे पापड लाटत बसायच्या. तेलात बुडवलेल्या लाट्या हा माझा लहानपणापासून जीव की प्राण. त्यांचा वास वर यायचा, बायकांचं हसणं वर यायचं, आणि मी बर्फ धरून उशांवर. पण लाट्यांचं दुःख वेगळं आणि मशेरीचं वेगळं. लाटी आठवली की तोंडाला पाणी सुटायचं. मशेरी आठवली की पायरी आठवायची, कोंबड्या आठवायच्या, अक्काचं गुडघ्यावर हात ठेवून बसणं आठवायचं. मला नेमकं काय हवं होतं हे माझं मलाच वेगळं काढता येत नव्हतं.

बांगडी

अक्काला फोन लावता येतो, पण फोनवर काय बोलायचं ते तिला कळत नाही. 'बरी हाय ना? बरं. ठेवते,' एवढ्यात तिचा फोन संपतो. ती पेणला आल्यानंतरच्या दुसऱ्याच सकाळी तिचा फोन आला, बरोबर मशेरीच्या वेळी. म्हणजे मी पेणला आल्यानंतरच्या. पाहा, लिहितानाही मी तिला इथे आणून बसवते आहे.

वहिनीने फोन माझ्या कानाशी धरला आणि तिला ओरडून सांगितलं, "तिला बोलायचं नाय, अक्का!"

"ठावं हाय," अक्का म्हणाली. मला मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. मग ती म्हणाली, "नंदे, ऐकतीस ना? ऐकत असशील तर बांगडी वाजव. एकदा वाजवलीस तं व्हय. दोनदा वाजवलीस तं नाय."

मी फोनवर बांगडी वाजवली. एकदा.

त्या दिवसापासून रोज ती परसू सांगायची. लाल कोंबडी खुडूक बसलीय. शेवग्याची फांदी मोडली. तुझ्या दोरीवर मी माझी लुगडी वाळत घातलीत, चालतंय ना? एकदा. मांजर तुझ्या मशीनवर झोपतंय, हाकलू? दोनदा. अख्ख्या आयुष्यात ती एवढं सलग बोलली नसेल. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तिचं बोलणं स्पष्ट येत होतं, शब्द तोंडात अडकत नव्हते, मध्येच थुंकल्याचा आवाज नव्हता. फोनसाठी थांबत असेल, असं मी समजले.

बघू गो

आता माझा मूर्खपणा. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की भेटायला जायचंच असतं, रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि दुखणं बघितल्याशिवाय उठायचं नसतं. पाय मोडला असेल तर प्लास्टर बघतात. पोट फाडलं असेल तर पदर सारून टाके बघतात. त्यात वाईट काही नाही. न बघता गेलं तर माया नाही असं होतं.

तसे माझ्याकडेही सगळे आले. मावशी चिक्की घेऊन आली. चुलत बहीण चकल्या घेऊन आली. शेजारच्या काकूंनी तळलेले पापड आणले. मला चावता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण हातात काहीतरी हवं ना. आणि प्रत्येकीने टेकल्या टेकल्या म्हटलं, "बघू गो!"

मग मी काय करणार? बोलता तर येत नव्हतं. मी खालचा ओठ दोन बोटांनी धरून खाली ओढायचे. त्या खिडकीकडे वळवून बघायच्या. "आई गो! दोरा दिसतोय." पुढचीला बोलवायच्या. शेजारणींपैकी ज्यांनी सकाळी बघितलं होतं त्याही नव्या पाहुणीबरोबर पुन्हा बघायला यायच्या.

तपासणीला गेले तर डॉक्टरीणबाईंनी ओठ अलगद सारला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा टाका सैल कसा झाला? कड उचललीय इथे. ओठ ओढला का तुम्ही?"

वहिनीने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे म्हणाल्या की आता सांगता येत नाही. कदाचित धरेल, कदाचित तेवढा तुकडा मरेल. पुढच्या तपासणीपर्यंत वाट बघायची, आणि त्या ओठाला हात लावायचा नाही.

रिक्षात मी रडायला लागले तर वहिनी म्हणाली, "रडू नको, ओठ ताणतो." तेव्हा रडणंही गिळलं. मशेरी सोडली होती, पायरी सोडली होती, आणि ज्याच्यासाठी सोडली तेच मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवून घालवत होते. एकदा वाटलं, जाऊ दे दात. उद्याच्या गाडीने घरी जावं आणि अक्काच्या शेजारी बसून डबी उघडावी. मरू दे हिरडी. हे मी अगदी खरं सांगते आहे, कारण हे वाचणाऱ्या एखादीलाही असं वाटेल. तेव्हा तिने निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं.

त्यानंतर वहिनीने दारातच ठाण मांडलं. येईल तिला आधीच बजावायची, "चहा घ्या, बसा, पन ओठ बघायचा नाय." एक-दोघी रागावून गेल्याही.

कनवटीची डबी

अक्का आली ती दुपारच्या गाडीने. तिला प्रवासाची सवय नाही. पेण स्टेशनवर उतरून विचारत विचारत आली असेल. वहिनीने दारातच आपला मंत्र म्हटला.

"मला काय बघायचा नाय," अक्का म्हणाली. "मी तिच्याजवळ बसाया आलेय."

ती खरंच येऊन बसली. पलंगाच्या कडेला, गुडघ्यावर हात ठेवून, पायरीवर बसते तशीच. पिशवीतून कडव्या वालांची पुरचुंडी काढून उशाशी ठेवली. "बरी झालीस की बिरडं करू. मऊ असतंय."

आणि मला वास आला. तिच्या पदराचा, केसांचा, त्यात मुरलेला तो जळका, गोडसर वास. माझ्या सगळ्या अंगात कळ उठली. वहिनी चहा ठेवायला गेली होती. मी अक्काच्या कनवटीकडे हात नेला. तिने अडवला नाही. मी डबी चाचपली, ओढून काढली. डोळ्यांनीच म्हटलं, एकदाच गो. मागच्या हिरडीला लावते, पुढे लागू देणार नाही.

"उघड," अक्का म्हणाली.

मी झाकण काढलं. डबी रिकामी होती. राखेने घासून लख्ख केलेली.

"भाजलीच नाय गो तू गेल्यापास्न," ती म्हणाली. "तुझ्या दाताचा इचार करून सोडली असं म्हनू नको. मी काय तेवढी चांगली नाय. भाजाया बसले व्हते. पन भाजाया दोघी लागतात. एकीनं ढवळायची, दुसरीनं फडक्यानं धूर हाकायचा. एकटीच्या डोळ्यांत निसता धूर गेला. तवा उतरवला. मग वाटलं, सकाळी एकटीनं बसून लावायची तरी कुनाबरोबर?"

तिचं डोकंही दुखत होतं तर. तिचं पोटही बिघडलं होतं. रोज फोनवर कोंबड्या सांगताना तिचंही बोट अंगठ्यावर घासत होतं. मला ती बया जवळ घ्यावी असं वाटलं, पण ओठ सांभाळून कसं रडायचं तेच कळेना. मी डबी नाकाशी धरली. कितीही घासली तरी पत्र्यात वास राहिला होता. मी तो भरून घेतला.

"घेतलास वास? आन आता," म्हणून तिने डबी घेतली, स्वतः एकदा हुंगली आणि कनवटीला लावली.

पायरी

कड बसली. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी लांबूनच बघितलं आणि मान हलवली. "धरलंय. नशीब तुमचं." एका कोपऱ्यात हिरडी अजून जरा कमी आहे, ती माझ्या पाहुणचाराची खूण. दात शाबूत आहे. दोरा आता कात्रीने कापते.

मी निडीला उतरले तेव्हा अक्का फलाटावर उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायरीवर बसलो, आणि बोलणंच येईना. इतके दिवस मी त्याच सकाळसाठी झुरले होते. मऊ ब्रशने दात घासून झाले, आणि मग हात नुसते मांडीवर. कोंबड्यांकडे बघून झालं, शेवग्याकडे बघून झालं. 'बरं, चूल पेटवते,' म्हणून अक्का उठली. असं बऱ्याच सकाळी झालं. मला वाटायला लागलं, मशेरीबरोबर हेही गेलं.

मग एके सकाळी तिने मोड आलेल्या वालांचं पातेलं आणून दोघींच्या मध्ये ठेवलं. बिरड्याचे वाल एकेक करून सोलावे लागतात. बोटाने दाबायचं, साल सुटते, दाणा निसटतो. हाताला काम मिळालं आणि पहिल्या पाच-सहा दाण्यांतच अक्का म्हणाली, "ती पाटलांची सून परत गेली म्हनं माहेराला." मी म्हटलं, "कधी?" आणि आम्ही सुरू झालो. ते बिरडं मी नारळाच्या रसात भिजवलेल्या भाताशी खाल्लं. मऊ, कडसर. रडले तेव्हा कुणी अडवलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. रोह्याला एका लग्नात अक्काला कुणीतरी चिमूटभर मशेरी दिली आणि तिने लावली. दुसऱ्या दिवशी पायरीवर मला वास आला. मी पातेलं उचलून आत गेले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. "एक चिमूट गो, निसती एक चिमूट," ती दारातून म्हणत राहिली. मग तिची तब्येत, तिच्या हिरड्या, हे सगळं मी तिला सुनावलं. पण राग त्याचा नव्हताच. तिने माझ्याशिवाय लावली, याचा होता. हे तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

काल सकाळी वाल सोलता सोलता ती एकदम म्हणाली, "सगळ्या गावानं बघितलं तुझं. मीच ऱ्हायले. बघू गो."

आता हरकत नव्हती. मी ओठ खाली केला. ती वाकून बघत राहिली, वालाच्या पाण्याने ओलं झालेलं बोट हवेतच धरून. त्या बोटाचं काळं टोक आता जवळजवळ गेलंय. माझंही.

"चांगलं बसलंय," ती म्हणाली, आणि पुन्हा वाल घेतले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "अजून आठवन येती का गो?"

मला आता बोलता येतं. पण मी हात पातेल्याजवळ नेला आणि काठावर बांगडी वाजवली. एकदा.

अक्काने हातातला दाणा सोलला, पाण्यात टाकला, आणि तिची बांगडी वाजली. एकदाच.